सावज, माग आणि हाका : होळकरांच्या माळव्यातील शिकारीची भाषा

घोडा, कुत्रा आणि भाला यांच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या शिकारीची परिभाषा युरोपातील सरदारवर्गाने फार पूर्वी पुस्तकात बांधून ठेवली. फ्रान्समध्ये गास्तों फेबुस या सरदाराने १३८७ मध्ये शिकारीवर एक विस्तृत ग्रंथ लिहावयास घेतला आणि इंग्लंडमध्ये १४८६ साली सेंट ऑल्बन्स येथे छापलेल्या पुस्तकाने प्रत्येक जनावराच्या कळपाला, वयाला आणि पाऊलखुणेला वेगळे नाव देऊन ती नावे चुकविणारा माणूस कुलीन नव्हे, असा दंडकच घालून दिला. मराठीत असा ग्रंथ झाला नाही. त्यामुळे मराठीला शिकारीची परिभाषाच नाही, असा समज सहज होतो आणि तो चुकीचा आहे. मराठीतील ही शब्दसंपदा एका वर्गाच्या मालकीची कधीच नव्हती. ती दरबारच्या फारसी वळणाच्या दफ्तरात, पागेतील रोजच्या बोलण्यात आणि रानात वावरणाऱ्या पारधी, भिल्ल व धनगर यांच्या तोंडी अशी तीन ठिकाणी विखुरलेली होती. हे तिन्ही प्रवाह जेथे एकत्र आले आणि पुढे इंग्रजीचा चौथा प्रवाहही ज्यात मिसळला, असे ठळक स्थळ म्हणजे होळकरांचे इंदूर होय.

इंदूरकडे वळण्यापूर्वी काही शब्दांचे मूळ पाहणे आवश्यक आहे, कारण त्या मुळांतच या शिकारीचा इतिहास साठलेला आहे. ज्या जनावराची शिकार करावयाची त्याला मराठीत ‘सावज’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘श्वापद’ या शब्दापासून प्राकृतातून उतरला असून ‘श्वापद’ म्हणजे कुत्र्यासारखी पावले असलेला प्राणी. म्हणजे मुळात हिंस्र पशूचे हे नाव मराठीत येता येता पाठलाग होणाऱ्या जनावराचे झाले. शेजारच्या गुजरातीत याच शब्दाने सिंहाचा बोध होतो, तर मराठीत हरणापासून सशापर्यंत कोणीही सावज ठरतो. ‘माग’ हा शब्द ‘मार्ग’ या शब्दाचे मराठी रूप होय आणि ‘मार्ग’ व ‘मृग’ हे दोन्ही शब्द शोध घेणे या अर्थाच्या धातूशी जोडले जातात. तेव्हा माग काढणे या साध्या क्रियेत शोध, वाट आणि जनावर हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘पारध’ या शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकार ‘पापर्द्धि’ या शब्दात पाहतात. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांच्या कोशात हा शब्द शिकारीच्या अर्थाने येतो आणि त्याची फोड पापाची ऋद्धी, म्हणजे पापाची भरभराट, अशी होते. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या परंपरेने शिकारीला दिलेले हे नाव पुढे शिकारीवर जगणाऱ्या पारधी समाजाच्या माथी कायमचे बसले, ही गोष्ट या लेखात पुन्हा आठवावी लागेल.

कुत्र्यांच्या साहाय्याने केलेल्या शिकारीची भारतीय परंपरा याहूनही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात रानातून गस्त घालणाऱ्या लोकांमध्ये कुत्र्यांचा कळप बाळगणारे ‘श्वगणी’ येतात, तर अमरकोशात शिकारीत तरबेज असलेल्या कुत्र्याला ‘विश्वकद्रु’ असे स्वतंत्र नाव आहे. त्याच कोशातील ‘सरमा’ हे कुत्रीचे नाव ऋग्वेदातील त्या देवशुनीचे आहे, जिने चोरीला गेलेल्या गाईंचा माग इंद्रासाठी काढला; तिचे अपत्य म्हणून कुत्र्याला ‘सारमेय’ म्हणतात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांपैकी ‘सारमेयविनोद’ हा एक स्वतंत्र विनोद म्हणून वर्णिला आहे. संगीतावरील भागात जुन्या मराठीचे काही नमुने जपणाऱ्या या ग्रंथाचे मराठी मुलखाशी असलेले नाते जवळचे आहे.

होळकरांच्या बाबतीत हा विषय कुलदैवतापासूनच सुरू होतो. मल्हारराव होळकर (१६९३–१७६६) हे नीरेकाठच्या होळ गावच्या धनगर कुळातील होते आणि त्यांच्या मुद्रेत म्हाळसाकांताचे, म्हणजे खंडोबाचे नाव होते. जेजुरीच्या देवस्थानाच्या बांधकामाला या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हातभार लावला. खंडोबाची परिचित मूर्ती घोड्यावर बसलेली, हाती शस्त्र घेतलेली आणि सोबत कुत्रा असलेली असते. म्हणजे घोडेस्वार शिकाऱ्याचे संपूर्ण चित्रच तेथे देवरूपाने उभे आहे. शिकारीस निघालेल्या देवाची आणि धनगराच्या बाणाईची भेट होते, ही कथा धनगरांच्या गाण्यांतून आजही गाइली जाते. देवाला वाहिलेल्या सेवेकऱ्याला ‘वाघ्या’ म्हणतात आणि काही ठिकाणी तो देवाचा कुत्रा म्हणून वागतो, भुंकतो, कोटंब्यात वाढलेले खातो. कोटंबा म्हणजे त्याच्याजवळचे लाकडी भिक्षापात्र. मराठी घरांत कुत्र्याचे नाव वाघ्या ठेवण्याची जी रीत आहे, तिच्याशेजारी ही प्रथा ठेवून पाहिली म्हणजे शिकारी कुत्र्याकडे हा समाज कोणत्या नजरेने पाहत होता, ते ध्यानात येते.

धनगरांच्या बोलीतील ‘वाघूर’ हा शब्द तर या संदर्भात सोन्यासारखा आहे. रात्री मेंढरे कोंडण्यासाठी खुंटांना बांधून उभारलेल्या जाळीला वाघूर किंवा वाघर म्हणतात. संस्कृतात ‘वागुरा’ म्हणजे हरणे धरण्यासाठी रानात ताणलेले जाळे आणि ते लावणारा तो ‘वागुरिक’. मारण्यासाठी विणलेल्या जाळीचे नाव मेंढपाळाने राखण्याच्या जाळीला दिले आणि शतकानुशतके टिकविले. कोणत्याही राजाच्या शिकारखान्यापेक्षा या एका शब्दाने प्राचीन परिभाषा अधिक निष्ठेने सांभाळली आहे.

दरबारची भाषा मात्र वेगळी होती. माळवा दीर्घकाळ सुलतानी आणि मोगली अमलाखाली राहिला आणि इंदूरहून फार दूर नसलेल्या मांडूला जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये मुक्काम केला. याच सुमारास त्याने आपल्या आयुष्यातील शिकारीचा हिशेब करविला, तेव्हा त्याच्या समक्ष मारली गेलेली २८,५३२ जनावरे आणि त्यांपैकी स्वतः मारलेली १७,१६७ अशी नोंद झाली. या आकड्यांनी आजच्या वाचकाला धक्का बसतो. परंतु भाषेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, शिकार हे एक दफ्तर होते, तिला कारकून होते आणि म्हणून तिला ठराविक संज्ञा होत्या. शिकारीचा मुख्य अधिकारी तो ‘मीर शिकार’, राखून ठेवलेले शिकारीचे रान ती ‘शिकारगाह’ आणि पुढे जाऊन सावज हेरणारा तो ‘करावल’. हाच करावल युद्धात सैन्याच्या पुढे टेहळणीस जात असे, यावरून शिकार आणि स्वारी या दोन गोष्टी त्या काळच्या माणसाला किती जवळच्या वाटत, हे दिसते.

मराठ्यांनी या व्यवस्थेतील नावे घेतली आणि आपल्या सोयीने वापरली. मराठी राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांच्या यादीत ‘शिकारखाना’ येतो. कारखाना म्हणजे येथे राजाच्या गरजेचे एक खाते, आणि शिकारखान्याकडे शिकारीचे पशुपक्षी व त्यांची माणसे यांची व्यवस्था असे. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना ठेवला होता, पण तेथे शिकारीपेक्षा पाळीव हरणांचे कौतुकच अधिक होते. शिकारीसाठी राखलेल्या कुरणाला ‘रमणा’ असा शब्द होता. पुण्यात तो दक्षिणा वाटण्याच्या आवाराला चिकटला आणि त्याचा मूळ अर्थ मागे पडला. घोडा आणि कुत्रा यांना एकाच शब्दात बांधणारी संज्ञाही याच दरबारी भाषेतून आली. फारसीत ‘ताजी’ म्हणजे अरबी. उत्तम अरबी घोडा तोही ताजी आणि सडपातळ, लांब पायांचा वेगवान शिकारी कुत्रा तोही ताजी. मराठीत या शब्दाचा घोड्याचा अर्थ रुजला, तर कुत्र्याचा अर्थ उत्तरेकडील भाषांत अधिक राहिला.

पागेची भाषा ही या तिन्हींतील सर्वांत समृद्ध होय आणि इंदूर शहराने ती आपल्या पेठांच्या नावांत जपली आहे. मोती तबेला, पागनीस पागा, हाथीपाला ही नावे आजही रोजच्या पत्त्यांत लिहिली जातात. ‘पागा’ म्हणजे घोड्यांचे ठाण आणि त्याचबरोबर सरकारी घोडेस्वारांचे पथक. तिचा हिशेब ठेवणारा तो ‘पागनीस’. सरकारी घोड्यावर बसणारा ‘बारगीर’ आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा ‘शिलेदार’ हा भेद शिकारीतही मोलाचा असे, कारण आडरानात घोडा जायबंदी झाला तर नुकसान कोणाचे, हे त्यावर ठरे. घोड्याची चाकरी करणारा ‘मोतद्दार’, त्याला शिकवून तयार करणारा ‘चाबुकस्वार’ आणि नाल ठोकणारा ‘नालबंद’ ही माणसे शिकारीच्या दिवशी मालकाच्या आधी उठत. सामानात खोगीर, ते आवळणारा तंग, शेपटीखालून जाणारी दुमची, रिकीब, लगाम आणि चंदीचा तोबरा. खोगिरात भरावयाच्या चिंध्यांवरून ‘खोगीरभरती’ हा शब्द निघाला आणि निरुपयोगी भर या अर्थाने तो आता घोडा कधी न पाहिलेल्या माणसाच्याही तोंडी असतो. घोड्याची चाल हलकी असेल तर ‘दुडकी’, वेग वाढून चारही खूर उधळू लागले की ‘चौखूर’, आणि मोकळ्या मैदानात सोडला की ‘भरधाव’. त्याला वर्तुळात फिरवून वळविण्याच्या शिक्षणास ‘कावा’ म्हणत. सशाच्या किंवा हरणाच्या मागे जाणाऱ्या स्वाराचा जीव याच शिक्षणावर अवलंबून असे, आणि गनिमी काव्यातील शब्दही हाच आहे. भाल्याची तालीम ‘बोथाटी’ने होई. बोथाटी म्हणजे बोथट टोकाचा भाला, ज्याने दोन स्वार एकमेकांवर चाल करून हात साधत.

प्रत्यक्ष शिकारीच्या दिवशी मात्र दरबार आणि पागा या दोहोंना रानातल्या माणसाच्या शब्दांवर विसंबावे लागे. पहाटे ‘पागी’, म्हणजे पावलांवरून माग काढणारा माणूस, रान पाहून येई आणि माग ताजा की शिळा ते सांगे. दव मोडलेले आहे की पावलावर पुन्हा बसले आहे, मातीची कड ओली आहे की सुकून ढासळली आहे, यावरून तो हे ठरवी. त्याच्या सांगण्यावरून ‘हाका’ ठरे. हाका म्हणजे ओरडून, वाद्ये वाजवून रान उठविणे आणि सावज जाळीतून बाहेर काढणे. हे काम करणारे ते ‘हाकेकरी’. हे हाकेकरी बहुधा आसपासच्या गावांचे रहिवासी असत आणि संस्थानी मुलखात असे काम पुष्कळदा वेठीने करून घेतले जाई. कुत्री दोरीत धरून नेणाऱ्या माणसाला हिंदुस्थानीत दोरीवरूनच ‘डोरिया’ म्हणत. सावज मोकळ्यावर आले, की दोर सुटे, ‘छू’ असा इशारा होई आणि पाठलाग सुरू होई. ससा एकदम वळून कुत्र्यांना पुढे जाऊ देई ती ‘हुलकावणी’, सावज निसटू नये म्हणून वाटेत अंग चोरून बसणे तो ‘दबा’, आणि हत्याराच्या पल्ल्यात येणे ते ‘टप्प्यात येणे’.

या शिकारीला लागणारा दख्खनचा कुत्रा म्हणजे ‘कारवान’. निमुळते डोके, खोल छाती, वर ओढलेले पोट आणि लांब पाय अशा बांध्याचा हा कुत्रा वासापेक्षा नजरेवर शिकार करतो. त्यातील केसाळ कानांच्या व शेपटीच्या जातीला ‘पश्मी’ म्हणतात. मुधोळचे घोरपडे राजे मालोजीराव यांनी ही जात जोपासली आणि त्यामुळे ती मुधोळ या नावाने जगाला माहीत झाली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीटही काढले. नजर आणि वास हा भेद येथे मुद्दाम समजून घ्यावा लागतो, कारण इंग्रजांच्या आगमनानंतर तोच कळीचा ठरला.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या फौजेचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहाने होळकर इंग्रजांचे मांडलिक झाले. त्याच वर्षी राजधानी इंदूरला आली आणि जवळच महूला इंग्रजी छावणी पडली. त्यानंतर पेंढाऱ्यांचा जो पाठलाग झाला, त्यात शिकारीची भाषा आणि युद्धाची भाषा अगदी एकरूप झाली. चितू पेंढाऱ्याला नर्मदेच्या दोन्ही तीरांवर रानोरान हाकलले गेले, त्याचे सोबती एकेक करून गळाले आणि अखेर १८१९ मध्ये असिरगडाजवळच्या जंगलात वाघाने त्याला खाल्ले. खोगीर चढविलेला त्याचा घोडा चरताना सापडला आणि मागावरून शोध घेत गेलेल्यांना त्याचे शिर मिळाले. ज्या माणसाने आयुष्यभर घोड्याच्या वेगावर मुलूख लुटला, त्याचा शेवट पागीच्या डोळ्यांनी वाचला गेला.

महूच्या छावणीतील अधिकाऱ्यांनी आपल्या देशातील खेळ येथे आणला, पण माळव्याच्या भूमीने तो बदलून टाकला. इंग्लंडमधील शिकारी कुत्री वासावर धावतात आणि वास टिकण्यास ओलावा लागतो. येथे तो थंडीतील पहाटेपुरताच मिळे, ऊन चढले की माग नाहीसा होई. त्यांच्या देशातील खेळाचे जनावर म्हणजे खोकडाचा मोठा भाऊबंद. येथील खोकड लहान, म्हणून त्याच्या जागी कोल्हा आला. इंग्रजी गोष्टींच्या मराठी भाषांतरांत या दोन्ही जनावरांना कोल्हाच म्हटले जाते, रानातला माणूस मात्र कोल्हा आणि खोकड यांत कधी घोटाळा करीत नाही. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा भरधाव घोड्याचा पाय मोडण्यास पुरेशा होत्या, त्यामुळे रानडुकरामागे भाला घेऊन जाणे हा खेळ डुकराच्या सुळ्यांइतकाच जमिनीमुळेही जीवघेणा होता. त्यातही मुंबई इलाख्याची रीत लांब भाला हाताखालून धरण्याची आणि बंगालची रीत आखूड भाला वरून खुपसण्याची. जातिवंत कुत्री परवडत नसलेले तरुण अधिकारी मिळतील ती कुत्री जमवून कोल्ह्यामागे जात आणि अशा सरमिसळ कळपाला ‘बॉबरी’ म्हणत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशाने या शब्दाचे मूळ ‘बाप रे’ या आपल्या उद्गारात दाखविले आहे. इंग्रजांच्या शिकारीच्या बोलीत आपला एक उद्गार असा जाऊन बसला.

उलट दिशेने आलेला शब्द त्याहून मोठा ठरला. इंग्रजी शिकारीत भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने कळपात राखणारा एक मदतनीस असे; त्याच्या पदनामावरून पार्लमेंटमध्ये पक्षाचे सभासद मतदानाला हजर ठेवणाऱ्याला ‘व्हिप’ म्हणू लागले. हाच व्हिप आज मराठी वृत्तपत्रांत निघतो, मोडला जातो आणि न्यायालयापर्यंत पोहोचतो. मराठीने त्याला ‘प्रतोद’ हा प्रतिशब्द घेतला. प्रतोद म्हणजे रथाचे घोडे हाकणाऱ्या सारथ्याच्या हातातील चाबूक. चाबूक कायम राहिला, पण कुत्र्यांच्या जागी घोडे आले. भाषांतर म्हणून हे चोख नसले तरी मराठी मनाला कुत्र्यापेक्षा घोडा जवळचा वाटला, एवढे त्यातून निश्चित कळते.

या सर्व शब्दांचे खरे धनी मात्र इतिहासात सर्वांत कमी दिसतात. पारध्यांमध्ये फास लावणारे फासेपारधी, चित्ता बाळगून हरणे मारणारे चित्तेवाले, गाईबैलाच्या आडोशाने सावजाजवळ जाणारे गायपारधी अशा शाखा होत्या आणि प्रत्येक शाखेचे नाव हीच तिची परिभाषा होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेल्या धोरणात पारध्यांवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला आणि रान वाचण्याचे त्यांचे ज्ञान संशयाचा पुरावा मानले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी फासेपारध्यांना आपल्या चाकरीत घेऊन विश्वासाची कामे दिली, हा त्या अंधारातील दुर्मीळ अपवाद. कायद्याचा शिक्का पुसला गेला तो १९५२ मध्ये. हेमचंद्राच्या कोशातील ‘पापाची ऋद्धी’ एका समाजाने आठ शतके वाहिली आणि ज्या राजांनी व साहेबांनी हजारोंनी जनावरे मारली, त्यांच्या नावाला मात्र ती कधी लागली नाही. हा अन्याय आहे आणि शब्दांचा इतिहास लिहिताना तो झाकता कामा नये.

१९४८ मध्ये होळकर संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची उरलीसुरली प्रथाही संपली, हे योग्यच झाले. इंदूरच्या वेशीबाहेर रालामंडलच्या टेकडीवर होळकरांचे शिकारगृह आजही उभे आहे. ज्या रानात सावज उठविले जाई, त्या रानाला १९८९ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. शिकार गेली, तसे तिचे शब्दही जात आहेत, आणि त्यांच्या जाण्याने पागीचे, मोतद्दाराचे, चाबुकस्वाराचे आणि हाकेकऱ्याचे अस्तित्वही पुसले जात आहे. ज्या शहराने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरविली, त्या शहरातील जुन्या मराठी घरांत होळकरी चाकरीची मोडी कागदपत्रे असतील, किंवा एखाद्या आजोबांच्या तोंडी पागेचा वा रानाचा एखादा शब्द अजून असेल, तर तो आजच लिहून ठेवावा आणि कागद मोडी वाचणाऱ्या अभ्यासकाच्या हाती द्यावेत.